माझ्यात कूट भरलं त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना, पोचे आलेला स्टीलचा डबा आहे. ठाण्याच्या एका भांड्यांच्या दुकानात माझ्यावर ‘सेलेस्टीन, कळवा’ असं नाव कोरलं गेलं. पुढे सेलेस्टीनबाईंच्या सुनेने, सबीनाने, मला आपल्या लेकीसाठी ठेवून घेतलं.

त्या लेकीला, लिओनाला, शेंगदाणा चालत नाही. चिमूटभर कूट पोटात गेलं तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. म्हणून लग्न असो की बारसं, तिचं जेवण माझ्यातून. माझा केवढा मान होता!

पण वाढदिवसाला ती हट्टालाच पेटली. “मला पण हॉटेलात जेवायचंय, मम्मा. सगळ्यांसारखं.”

सबीना तिला डोंबिवलीला मितेश नावाच्या माणसाच्या हॉटेलात घेऊन गेली. खिचडी भरून मलाही सोबत घेतलं. मितेशने दारातच अडवलं. “बाहेरचं खाणं आत चालत नाही, मॅडम,” म्हणत त्याने मला गल्ल्यापाशी ठेवलं.

“पनीरच्या ग्रेव्हीत शेंगदाणे आहेत का? पोरीच्या जिवाशी गाठ आहे,” सबीनाने विचारलं.

“छे! अस्सल काजू. शेंगदाणा आम्ही आणतच नाही.”

तो धडधडीत खोटं बोलत होता. काजू महाग, म्हणून आत शेंगदाणेच वाटले जायचे. खरं सांगितलं असतं तर लबाडी उघडी पडली असती.

दोन घासांत लिओना खोकू लागली. “मम्मा, घशात कसंतरी होतंय.”

“खरं सांगा, यात शेंगदाणा आहे?” सबीना ओरडली.

पोरीचे ओठ समोर सुजत होते. तरी तो म्हणाला, “काजूच आहे हो! घास अडकला असेल, पाणी पाजा.”

मित्रांनो, तिने विश्वास ठेवला. पाठ थोपटली, पाणी पाजलं. तेवढ्यात लिओनाचे ओठ निळे पडले. मग सबीनाने पर्समधलं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं आणि पोरीला उचलून ती रिक्षाकडे धावली.

मी तिथेच राहिलो. आचारी साईनाथने माझ्यातली खिचडी बादलीत ओतली आणि माझ्यात शेंगदाण्याचं कूट भरून मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. ज्या पोटात मी लिओनाचा घास जपला, त्यात तिचं विष! त्या फळीवर मी एकच गोष्ट मागत होतो: सूड.

रविवारी दुपारी हॉटेल गच्च भरलेलं असताना सबीना आली. लिओना वाचली होती.

“ताई, पोरीनं बाहेर काहीतरी खाल्लेलं असणार,” मितेश मोठ्याने म्हणाला. “उगाच आमचं नाव नको.”

“माझा डबा द्या.”

“कसला डबा?”

ती थेट स्वयंपाकघरात शिरली. सासूचं नाव तिला फळीवर लांबूनच दिसलं. झाकण काढून तिने कूट हुंगलं. मग मला घेऊन टेबलाटेबलांवरून फिरू लागली.

“काजू ग्रेव्ही मागवलीत ना? घ्या, वास घ्या. हा त्यांचा काजू!”

माणसं ताटावरून उठली. मितेश हात जोडत मागे आला. “ताई, आत बसून बोलू ना.”

“माझी पोर सगळ्यांसमोर गुदमरली. बोलणंही सगळ्यांसमोरच होईल.”

तिने तक्रार केली. चौकशी झाली, हॉटेलला टाळं लागलं. मग मितेश कळव्याला घरी आला, ओक्साबोक्शी रडला. “माफ करा. धंदा बुडाला माझा.”

लिओनाने दारातूनच विचारलं, “मी खोकत होते तेव्हा मम्माने तुम्हाला पुन्हा विचारलेलं. तेव्हा का नाही सांगितलं?”

सबीनाने दार लावून घेतलं. मित्रांनो, मला आनंद झाला. त्याची लाज मला वाटत नाही.

सबीनाने मला चिंचेने, राखेने, उकळत्या पाण्याने घासलं. पण लिओनाचं जेवण माझ्यात भरायला तिचा हात काही धजला नाही. आता माळ्यावर माझ्यात खिळे असतात. लिओनासाठी नवा डबा आलाय.

तुमच्या घरी, दुकानात कुणी विचारलं, “यात काय आहे?” तर खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि खोटंच बोलायचं असेल, तर एवढं ध्यानात ठेवा: सबीनाने पुन्हा हाक मारली, तर खिळे ओतून मी तयार आहे.