बत्तीस मागितले, देवी हसली

माझे दाजी, त्झंग शुन-फा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांना कला सुचली. मुलीच्या, म्हणजे पेई-रूच्या, लग्नाच्या जेवणावळीत दाखवायची फिल्म ते स्वतः बनवणार होते. "बाबा, स्टुडिओवाले करून देतात," असं ती दोनदा म्हणाली. दाजींनी ते मनावर घेतलं, पण उलट्या बाजूने.

जेवणावळ उद्यावर आली तेव्हा फिल्म तयार होता होता बासष्ट टक्क्यांवर अडकली होती. लॅपटॉप ना पुढे जात होता, ना काही ऐकत होता.

"मेमरी कमी पडतेय," दाजी म्हणाले. "बत्तीस जीबी टाकू."

"मावेल का पण?" ताईने विचारलं.

"न मावायला काय झालं? आत पोकळच असतं."

आम्ही आमच्या तैवानमधल्या ताइनान शहरात बेमन रस्त्यावर कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. बासष्ट टक्के सांडू नयेत म्हणून ताई स्कूटरवर मागे बसून उघडा लॅपटॉप ताटासारखा धरून होती.

दुकानाच्या मालकीणबाई, को बाई, म्हणाल्या, "मॉडेल कोणतं?"

"काळं," दाजी म्हणाले.

"काका, पांढऱ्या स्कूटरला कुठला टायर बसतो असं विचारता का कधी? बंद करून चालू करा, मशीनलाच विचारू."

"बंद नाही करायचा! बासष्ट झालेत."

"मग उलटा करा. मॉडेल खाली लिहिलेलं असतं."

लॅपटॉप उलटा केला. मॉडेलच्या जागी माझू देवीच्या देवळातला पिवळा मंत्राचा कागद होता. ताईने चांगला डिंक लावून चिकटवलेला.

"व्हायरस येऊ नये म्हणून," ताई म्हणाली.

"आला का?" मी विचारलं.

"नाही ना? मग!"

को बाई हसल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या गल्ल्याच्या मशीनवर, ते शहाण्यासारखं वागावं म्हणून, हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवलेला होता. हसणार कुठल्या तोंडाने? "कागद मी नाही काढणार," त्या म्हणाल्या. "आधी देवीला विचारून या."

देऊळ पुढच्याच गल्लीत होतं. ताईने उदबत्त्या लावल्या, आमचं नाव-गाव-पत्ता देवीला सांगितला आणि कौलाच्या लाकडी चंद्रकोरी दाजींच्या हातात दिल्या. एकीची सपाट बाजू वर आली आणि दुसरी उपडी पडली, तर होकार. दोन्ही उपड्या पडल्या तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या, तर देवी हसली, म्हणजे प्रश्नच चुकला.

"आई, बत्तीस जीबी बसू दे," दाजी म्हणाले. चंद्रकोरी पडल्या. देवी हसली.

"बरं, सोळा."

देवी पुन्हा हसली.

"अहो, तिला भाव काय सांगता?" ताई कुजबुजली. "कागद काढू का, एवढंच विचारा."

दाजींनी विचारलं. होकार आला.

कागद हळूच सोलून देवळाच्या कागद जाळायच्या भट्टीत दिला आणि आम्ही दुकानात परतलो. को बाईंनी मॉडेल बघून कंपनीच्या पानावर शोधलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"आठ. जास्तीत जास्त आठ. तीही आत पक्की डाग देऊन बसवलेली. तुमच्यात आठच आहे. आता एक दाणाही मावायचा नाही."

दाजी स्टुलावर बसले. "मी पोरीला शब्द दिलाय," ते म्हणाले.

को बाईंनी विचारलं, "फिल्म केवढी आहे?"

"पावणेदोन तास."

"आणि जेवण?"

"दोन तास."

"काका, मग लोक मासा कधी खाणार?"

त्या पावणेदोन तासांत पेई-रूचं बारसं होतं, शाळा होती, आणि चाळीस मिनिटं दाजी स्वतः कॅमेऱ्याकडे बघून मुलीला पाण्याची बचत समजावत होते. ताईने लॅपटॉप ओढून घेतला. "बासष्ट टक्के गेले तर जाऊ देत," ती म्हणाली आणि बटण दाबून धरलं. दाजींनी डोळे मिटले.

दुकानातच, को बाईंच्या टेबलावर, कापाकापी झाली. बचतीचं भाषण सगळ्यात आधी गेलं. ते दाजींनी स्वतःच्या हाताने पुसलं; त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. उरली सहा मिनिटं. आठ जीबीत ती अशी धावली, की जणू लॅपटॉप इतके दिवस हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी, दाजींच्या स्कूटरवर पुढे उभी राहून झोपलेली चार वर्षांची पेई-रू पडद्यावर आली आणि खरी पेई-रू नवरीच्या पोशाखात भोकाड पसरून रडली. फिल्म संपली तेव्हा मासा अजून गरम होता.

"बत्तीस असते ना," दाजी माझ्या कानात म्हणाले, "तर भाषणही बसलं असतं."

ताईने त्यांच्या ताटात माशाचा गाल वाढला. "देवी उगाच हसली होती का? जेवा."