हिरवी रेघ

जावईबापूंनी डुकरिणीच्या बाराव्या पिल्लाच्या पाठीवर हिरवी रेघ ओढली आणि ब्रश रंगाच्या डबीवर आडवा ठेवला. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाकडी रेघ ओढायला सांगितली तरी जमत नाही.

"अहो, आराखडा काढताय का?" कठड्याबाहेर स्टुलावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "पिल्लू चीक प्यायलं, पोट भरलं, की पाठीवर रेघ. आमच्याकडे एवढंच असतं."

सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, लेक कामावर गेली होती आणि डुकरिणीने नेमका आजच मुहूर्त काढला होता. तीन वर्षं जावईबापूंना या घरात खुर्ची मिळाली, चहा मिळाला, पण काम कधी मिळालं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटायचं. पण पाहुण्याने तक्रार करायची तरी कोणाकडे? आज दुकान बंद ठेवून ते पांढऱ्या शर्टासकट पेंढ्यात बसले होते आणि मनातून खूश होते.

सासूबाईंनी मान उंचावून मोजलं.

"तेराच्या तेरा रेघा. सुटलो बाई! उठा, जेवून घ्या."

जावईबापू उठले आणि अर्ध्यातच थांबले. दिव्याच्या उबेत सगळ्यांत लहान पिल्लू एकटंच पडलं होतं, जेमतेम मूठभर. त्याच्याही पाठीवर हिरवं होतं, पण फिसकटलेलं.

"आई, ही रेघ माझी नाही."

"मग काय माझी?"

"कुणाचा तरी ओला रंग घासून लागलाय. पोट बघा ना, पार खपाटीला गेलंय. हे प्यायलेलंच नाही."

सासूबाईंची थट्टा तिथेच थांबली. सकाळी सातला जन्मलेलं पिल्लू, आणि आता बारा वाजत आले होते.

"आईने आजवर जी दुखणी सोसली, त्यांच्याशी लढायचं बळ या चिकात असतं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "पोटात असताना तिला ते देता येत नाही. आणि पिल्लाच्या आतड्याचं दार दिवसभरात मिटतं. मग कितीही पाजा, ते बळ अंगात शिरत नाही. आधी ते दांडगट उचला!"

पोट भरलेली सहा दांडगट पिल्लं त्यांनी टोपलीत घातली. टोपलीत एकच कल्लोळ झाला. लहानग्याला आचळाशी धरलं, पण त्याचं तोंड घसरत राहिलं. मग जावईबापूंनी सासूबाई सांगतील तसं आचळ दाबून पिवळसर, दाट चीक वाटीत काढला. घड्याळात तेल सोडायचं नवं कोरं ड्रॉपर त्यांच्या खिशात होतं. एक थेंब जिभेवर, मग गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"मला नसतं जमलं हो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी एव्हाना चिडले असते."

अर्ध्या तासाने पिल्लाने ड्रॉपर नाकाने ढकललं, धडपडत आईपाशी गेलं आणि आचळ तोंडात धरलं. चुटुचुटु आवाज येऊ लागला.

"धरलं! मेल्याने धरलं!" सासूबाई स्टुलावरून उठल्याच. जावईबापूंना इतका आनंद झाला की हसताना त्यांचे डोळे भरून आले. पोट टम्म झाल्यावर त्यांनी त्या फिसकटलेल्या रंगावरून तेरावी रेघ ओढली.

जेवण कठड्याशीच झालं. सासूबाईंनी डाव्या हाताने पोट भरेस्तोवर वाढलं. जावईबापू शेवटचा घास घेत असताना सासूबाई मागून रंगाची डबी उचलायला गेल्या, तेव्हा त्यांचा हात जावईबापूंच्या पाठीला लागला.

"उद्या सातला या," त्या म्हणाल्या. "पेंढा बदलायचाय. आणि जुना शर्ट घाला."

संध्याकाळी घरी बायको हसत सुटली.

"पाठीवर हे काय घेऊन आलात?"

त्यांनी शर्ट काढून दिव्याखाली धरला. मधोमध हिरवी रेघ होती, चांगली वीतभर आणि पार वाकडी.

बायकोने धुवायला हात पुढे केला. त्यांनी शर्ट दिला नाही.