मागच्याने बोलू नये

सांगलीत वाचनालयाच्या माडीवर रोज दुपारी रमीचा अड्डा बसतो, आणि त्या अड्ड्यावर दिनकरराव पाटणकरांसाठी एक खास नियम केलेला आहे. स्वतःचा डाव संपला की दिनकररावांनी दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. राहिलेच, तर तोंडून निघालेल्या प्रत्येक सल्ल्यामागे सगळ्यांना हाफ चहा. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षांत त्यांनी इतका चहा पाजला, की चहावाल्याने दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचा पुडा पाठवला. खोड मात्र गेली नाही. माणूस तसा लाखमोलाचा. कुणाकडे आजारपण असो की लग्न, हा आधी हजर. पण दुसऱ्याच्या हातातली पानं दिसली की जिभेला खाज सुटायचीच. लष्करच्या भाकऱ्या भाजण्यात त्यांना जे सुख मिळे, ते स्वतःचा डाव लावण्यातही मिळत नसे.

ही खोड विमानात बसून त्यांच्याबरोबर जर्मनीतही आली. मुलगा उत्कर्ष आणि सून वल्लरी बाड हॉम्बुर्गला राहतात. ऑगस्टच्या अखेरीस दिनकरराव आणि शुभाताई नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन तिथे उतरले, आणि आठवड्याभरातच वल्लरीने जेवताना सांगितलं, की ब्राउनश्वाइगच्या संशोधन संस्थेत तिला बॅटरीवर काम करणाऱ्या गटाचं प्रमुखपद देऊ केलंय. ऑक्टोबरच्या मध्यापासून. सोमवार ते गुरुवार तिकडे राहायचं, शुक्रवारी परत.

"छे!" दिनकरराव भाताचा घास हातात धरून म्हणाले. "ध्रुव सात वर्षांचा. घर एक, चूल एक, ती दोन ठिकाणी कशी पेटेल? नको, नको."

एवढंच. नंतर त्यांनी भात खाल्ला, आणखी वाढून घेतला, आणि ते विसरूनही गेले. वल्लरी "बघू" म्हणाली आणि पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. शुभाताईंनी रात्री पांघरूण ओढताना सुनावलं, "अहो, पोर त्या जागेसाठी पाच वर्षं झिजली. तुम्ही एक शब्द बोललात आणि ती गप्प झाली."

"मी फक्त सल्ला दिला," दिनकरराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला, रविवारी. उत्कर्ष कामासाठी म्युनिकला अडकला होता. रोज फिरायला जाताना दिनकरराव कुरपार्कमधल्या कॅसिनोच्या इमारतीपाशी रेंगाळत, ते वल्लरीने हेरलेलं होतं. ध्रुवला आजीकडे ठेवून ती सासऱ्यांना दुपारी तिथे घेऊन गेली. उत्कर्षच्या लग्नातला कोट अंगात, पासपोर्ट हातात. दारावरच्या माणसाने पासपोर्ट पाहून "हेर्त्सलिशेन ग्लुकवुन्श" म्हटलं, आणि परक्या देशाने आपला वाढदिवस ओळखला म्हणून दिनकररावांची छाती दोन इंच फुगली.

वल्लरीने त्यांना पैशांऐवजी लावायच्या दहा चकत्या घेऊन दिल्या. "बाबा, हे तुमचं गिफ्ट. संपल्या की घरी. ओके?"

"त्यातली एक मी सांगलीला नेणार," त्यांनी आधीच जाहीर केलं. "अड्ड्यावर दाखवायला."

ब्लॅकजॅकच्या टेबलावर एकच खुर्ची रिकामी होती. खेळ सोपा: पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात की बाद, आणि लढत फक्त पानं वाटणाऱ्या बाईशी. दिनकरराव ऐटीत बसले. पानं पुढ्यात पडली तशी चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ती उचलली, पंख्यासारखी धरली आणि छातीशी लपवली.

सगळं टेबल थांबलं. "बिटे निष्ट," बाई हसून म्हणाली.

"बाबा, खाली ठेवा. इथे पानांना हात लावायचा नाही. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक करायचं," वल्लरी कानाशी कुजबुजली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत त्यांनी पानं ठेवली. इथे थांबले असते तरी निभावलं असतं.

शेजारी, शेवटच्या खुर्चीवर, बो-टाय लावलेले एक म्हातारे गृहस्थ होते. हेर लिंडनर, निवृत्त दंतवैद्य, दर रविवारी येणारे. त्यांच्यापुढे पंधरा झाले होते आणि बाईपुढे नव्वी. लिंडनरांनी पान मागायला बोट उचललं, आणि दिनकररावांच्या तोंडून निघालंच, "नाइन! नाइन!" नाइन म्हणजे नको, एवढं जर्मन त्यांना येत होतं.

बोट हवेत थबकलं. लिंडनरांनी त्यांच्याकडे पाहिलं, बोट मिटलं, आणि पान नाकारलं. पुढचं पान बाईने स्वतःला घेतलं: छक्की. मग पंजी. तिचे वीस झाले. ती छक्की लिंडनरांकडे आली असती तर त्यांचे नेमके एकवीस झाले असते. हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं, आणि प्रत्येकाने ते न कळल्यासारखं केलं. कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. लिंडनरांनी तर दिनकररावांकडे पाहून किंचित मान झुकवली.

सांगलीत एव्हाना कुणी आई-बापाचा उद्धार केला असता, आणि चहावर मिटलं असतं. इथल्या या सभ्यपणाने दिनकररावांचे कान तापले. "वल्लरी, त्यांना सांग, चुकलो. मला माफ करा म्हणावं."

वल्लरीने सांगितलं. लिंडनर बराच वेळ तिच्याशी मृदू आवाजात बोलले, आणि ती "या, गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर, म्हणत राहिली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काही हरकत नाही, बोट माझं होतं, थांबवलं मीच. पण बाबा, इथली रीत अशी आहे की दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलत नाहीत. त्याने विचारलं तरच. आणि तो हरला तर आपण काही पाहिलंच नाही."

दिनकरराव उठले. "तू बस. मला उभ्याने बरं दिसतं," ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तिथून पळायचं होतं.

वल्लरीने स्वतःसाठीही काही चकत्या घेतल्या आणि ती बसली. आणि मग लिंडनरांनीच, कदाचित दिनकररावांचा पडलेला चेहरा पाहून, सुचवलं की उभ्याने खेळता येतं. सुनेच्या चौकोनात तिच्या चकतीमागे आपली चकती ठेवायची. ती जिंकली तर तुम्ही जिंकलात, हरली तर हरलात. अट एकच. पान घ्यायचं की नाही हे बसलेला ठरवतो. मागच्याने बोलू नये.

"अजिबात?" दिनकररावांनी विचारलं.

"अजिबात," वल्लरी म्हणाली, आणि हसू आवरायला खाली पाहू लागली.

पुढचा पाऊण तास म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. वल्लरी तेरावर पान घ्यायची, ते मिशी चावायचे. ती सतरावर थांबायची, ते कोटाचं बटण पिळायचे. बटण शेवटी हातात आलं. आणि तरी, या सगळ्यात एक गोष्ट त्यांना दिसत होती आणि आवडत होती: पोरगी खेळते छान. घाई नाही, हळहळ नाही. नऊ वर्षांत त्यांनी तिला स्वयंपाकघरात पाहिलं होतं, लॅपटॉपपुढे पाहिलं होतं, पण ठरवताना कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या घरात ठरवायची वेळ आली की आपणच बोलत असतो, हे त्यांच्या ध्यानात यायला सत्तरावं वर्ष लागलं.

त्यांच्याकडे दोन चकत्या उरल्या. एक त्यांनी वल्लरीच्या चकतीमागे ठेवली. दुसरी, सांगलीची, मुठीत.

पानं आली: इस्पिक अठ्ठी, बदाम अठ्ठी. बाईपुढे दश्शी.

वल्लरी क्षणभर थांबली. सोळा हा वाईट आकडा, हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं. पण जोडी फोडून दोन वेगळे हात करता येतात, दुसऱ्या हातावर आणखी एक चकती लावून, हेही त्यांनी पाहिलं होतं. हातातली जोडी फोडू नये, ही तर त्यांची रमीतली श्रद्धा. 'नको' हा शब्द गळ्यापर्यंत आला.

आणि तेव्हाच वल्लरीने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

ती काही विचारत नव्हती. नियम तिला माहीत होता. सवयीने पाहिलं तिने. पण ती नजर दिनकररावांनी ओळखली. हीच नजर त्या रात्री भाताच्या ताटावरून त्यांच्याकडे आली होती, आणि त्याआधीही कितीदा. पडदे घेताना, ध्रुवची शाळा निवडताना, कधी व्हिडिओ कॉलवरूनसुद्धा. ती प्रत्येक वेळी आधी त्यांचा चेहरा बघायची, आणि त्यांना वाटायचं, सून किती मान देते. आता त्यांना दिसलं ते लिंडनरांचं हवेत थबकलेलं बोट. एवढी हुशार पोर, आणि आपण तिला आपलं तोंड बघत बसवलं!

त्यांनी ओठ घट्ट मिटले, चेहरा दगडासारखा केला आणि छताच्या झुंबराकडे पाहिलं.

वल्लरी पुढे वळली. तिने दोन बोटं अलग करून दाखवली. बाईने अठ्ठ्या दूर केल्या, वल्लरीने दुसरी चकती ठेवली, आणि मग बाईने थेट दिनकररावांना विचारलं, "गेहेन झी मिट?"

"तुम्ही पण बरोबर येताय का, विचारतेय. दुसऱ्या हातावर लावायचं का," वल्लरी म्हणाली. "नाही लावलंत तरी चालतं, बाबा. ती चकती सांगलीची आहे ना."

दिनकररावांनी मूठ उघडली आणि चकती दुसऱ्या अठ्ठीपाशी ठेवली. "या," त्यांनी जर्मनमध्ये होकार दिला.

एका हातात राजा आला, दुसऱ्यात एक्का. राजाचे दहा, एक्क्याचे अकरा धरून अठरा आणि एकोणीस. बाईने स्वतःला पान घेतलं, आणखी एक दश्शी. वीस. चारही चकत्या गेल्या.

वल्लरीचे खांदे आक्रसले. ती वळली नाही. तिला काय ऐकायची सवय होती, ते दिनकररावांना ठाऊक होतं.

"छान खेळलीस," ते म्हणाले. "फार छान." शेजारून लिंडनरांनी मान झुकवली, आणि या वेळी दिनकररावांनीही तशीच झुकवली.

बाहेर कुरपार्कमध्ये अजून ऊन होतं. रस्त्यावर चेस्टनट पडले होते. ध्रुवसाठी दिनकरराव ते वेचून खिशात टाकत होते.

"शेवटची पण गेली," वल्लरी म्हणाली. "सॉरी, बाबा. अड्ड्यावर काय दाखवणार?"

"तुटलेलं बटण दाखवीन." ते थांबले. "वल्लरी, त्या दिवशी मी नको म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. तुझं बोट थांबवलं मी. माझं चुकलं, बाळ."

वल्लरीने एक चेस्टनट उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "उद्या उत्तर द्यायचंय. नकाराची मेल लिहून ठेवलीय. आल्झो, म्हणजे... उत्कर्ष म्हणतो, तूच ठरव. पण सगळं त्याच्या एकट्यावर येईल ना. तुम्हाला काय वाटतं? आता मी विचारतेय."

विचारलं तर बोलायला हरकत नव्हती. रीतच तशी होती. दिनकररावांना अडतीस गोष्टी वाटत होत्या, आणि सगळ्या एकदम जिभेवर आल्या. त्यांनी चेस्टनट पुसला.

"ध्रुवला शाळेनंतरच्या त्या पाळणाघरातून, होर्टमधून, किती वाजता आणायचं असतं?"

"साडेचारला. का?"

"नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत व्हिसा आहे. तोवर मी आणीन. पुढचं तुम्ही दोघं बघाल. तिथल्या बाईला, मी याचा आजोबा, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं तेवढं शिकव."

वल्लरीचे डोळे भरून आले. तिने ते पुसले, जवळच्या बाकावर बसली, फोन काढून नकाराची मेल पुसली आणि इंग्रजीत नवी लिहायला घेतली. दिनकरराव बाकामागे उभे राहिले. चष्मा लावलेला होता, पडद्यावरची अक्षरं मोठी होती, आणि तिने पत्राचा मायना फारच कोरडा लिहिलाय असं त्यांना पक्कं वाटत होतं. जीभ वळवळली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

वल्लरीने मेल लिहून संपवली. आणि पाठवताना तिने मागे वळून पाहिलं नाही.