फुलाच्या आधी

हारुको-सान जपानला परत चालल्या होत्या, त्याही कायमच्या. मुलाची बदली झाली होती आणि एक एप्रिलला त्याला तिकडे हजर व्हायचं होतं. इकडे दोन्ही घरांच्या मधलं चेरीचं झाड वीस एप्रिलशिवाय फुलायचं नाव घेत नाही! हारुकोंना यंदाचा बहर बघायला मिळणार नाही, याचंच रमाबाईंना फार वाईट वाटत होतं. डब्लिनला मुलाकडे आल्यापासून चार वर्षं त्या झाडाखालच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पोटभर बोलल्या होत्या.

मागच्या वर्षी थंडीत हारुकोंनी त्यांना आपली हाओरी दिली होती. हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचा सैल रेशमी अंगरखा. फिकट निळ्यावर चेरीची फुलं. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी राखून ठेवायची, ही रमाबाईंची नागपूरपासूनची सवय. झाड ऐन बहरात आलं त्या दिवशी त्या ती घालून थाटात बाहेर आल्या. हारुको तोंडावर हात ठेवून हसल्या.

"रमा-सान, झाडाशी कॉम्पिटिशन? फुलाच्या आधी घालायचं. फूल आलं की काढून ठेवायचं. मग टर्न झाडाची."

रमाबाई ओशाळल्या. राखून राखून कपाटातच विरलेल्या आपल्या दोन साड्याही त्यांना आठवल्या.

हारुको निघाल्या त्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. रमाबाईंनी स्वेटरवर हाओरी चढवली.

"आई, बाहेर मायनस टू आहे! जॅकेट घाला ना," सून जागृती म्हणाली.

"जॅकेटखालची फुलं कुणाला दिसणार गं?"

हारुको गाडीपाशी उभ्या होत्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी बाहीवरच्या एका फुलावर बोट टेकवलं, मग मागच्या काळ्या, निष्पर्ण झाडाकडे पाहिलं.

"करेक्ट टाइम," त्या म्हणाल्या. "आय सॉ इट, रमा-सान."

दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग गाडी गेली.

बावीस एप्रिलला झाड फुललं. रमाबाईंनी हाओरीची घडी घालून ती कपाटात ठेवली, साधी पांढरी साडी नेसली आणि बाकावर आपल्या नेहमीच्या बाजूला जाऊन बसल्या. टर्न आता झाडाची होती, आणि बघायला त्या एकट्याच होत्या.