खोलीच्या साध्या हवेत

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे, करंगळीच्या नखाएवढा. आज माझ्या अंगावर धुकं चढलं आहे आणि मी तांदळाच्या डब्यात पडून आहे. पण एके काळी मी उजेडाला जुळी व्हायला लावत असे. थापा नाही मारत. जांभळ्या प्रकाशाचे असंख्य कण माझ्यात शिरत आणि क्वचित एखाद्याचे दोन होत. त्या दोघांचं असं गूळपीठ, की एकाची चौकशी केली की दुसऱ्याची खबर कळे, मग तो कितीही दूर असो. पुस्तकात याला क्वांटम विज्ञान म्हणतात. मी त्याला माझं काम म्हणत असे.

भट्टीत मी कित्येक आठवडे हळूहळू वाढलो. मग मला कापलं, घासलं, लख्ख केलं. ओटावाच्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं राबलो. तिथल्या तंत्रज्ञ डोरीनबाई रोज सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन विचारत, "काय सुईणबाई, आज किती जुळी?" यंत्रावर आकडे धावू लागले की मी फुगून जाई. माझ्या जिवावर तिघांनी डॉक्टरेट मिळवली. मग नवा स्फटिक आला आणि मी खणात गेलो. गरज सरो, वैद्य मरो.

दोन वर्षांनी खण उघडला. ज्या शाळांनी असले प्रयोग कधी पाहिलेच नाहीत, त्यांना जुनी उपकरणं पाठवायचं ठरलं होतं. मेक्सिकोतल्या ताबास्कोहून नेरेइदा ओलान नावाच्या शिक्षिका तीन वर्षं अर्ज करत होत्या. डोरीनबाईंनी मला डबीत ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'खोलीच्या साध्या हवेत ठेवावे.' त्यांच्या मनात पाप नव्हतं. ओटावात हिवाळाभर हीटर चालतो, खोलीतली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ओल माझी वैरीण आहे, हे त्यांना कधी आठवावंच लागलं नव्हतं.

ताबास्कोत भिंतींनाही घाम येतो. नेरेइदाबाईंनी मला धुतलेल्या रुमालावर, घरातल्या उघड्या फळीवर ठेवलं. मोजणीची यंत्रं मागाहून दुसऱ्या पार्सलने यायची होती. त्यांची आई पोसोल, म्हणजे मक्याचं पेय, ढवळता ढवळता म्हणाली, "अगं, मिठाला पाणी सुटू नये म्हणून बरणीत तांदूळ टाकतेस ना? यालाही ठेव की तांदळात!"

"आई, शास्त्रज्ञांनी लिहून दिलंय. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं होय?"

"मला काय कळतंय बाई! मी आपली मीठवाली."

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो, म्हातारीचं ऐक म्हणून.

यंत्रं यायला चार महिने लागले. तोवर मला मोतीबिंदू झाल्यासारखं झालं होतं. प्रयोगाच्या दिवशी बत्तीस मुलं अंधाऱ्या वर्गात श्वास रोखून बसली. जुळ्यांचा आकडा शून्यावरून हलेना.

"बाई, जुळी लाजतायत वाटतं," युरिदिया म्हणाली. सगळे हसले, बाईही हसल्या. तिसऱ्या तासाला कुणी हसत नव्हतं.

बाईंनी कळवल्यावर ओटावाहून पत्र आलं. डोरीनबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. 'उपकरण नीट सांभाळले गेले नाही. यापुढे आपल्या शाळेचा विचार करता येणार नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं. "माझ्याच हातून बिघडला," त्या आईला म्हणाल्या आणि रडल्या. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर त्यांनी पाळलं होतं! आईने तांदळाचा डबा आणून समोर ठेवला.

त्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी त्या धड्याच्या दिवशी बाई मला तळहातावर घेतात आणि वर्गाला सांगतात, "याच्यातून एकाचे दोन होतात." कुणीतरी विचारतंच, "तुम्ही पाहिलंय, बाई?"

"नाही रे. मी नाही पाहिलं."

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कुणाला काही पाठवाल, तेव्हा चिठ्ठी लिहिण्याआधी एवढं विचारा, तुमची खोली कशी आहे? मला घासून पुन्हा लख्ख करणारे हात जगात आहेत. पण ते इथून फार दूर आहेत, आणि बाईंचा निवृत्तीआधीचा हा शेवटचा वर्ग आहे.