मयत असा शेरा

माझा राग नाकावर असतो हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, या गोष्टीत मी इतरांवर कितीही चिडले तरी चूक माझीच आहे. गेल्या वर्षी मतदार यादीच्या कामात मी एका जिवंत माणसाला मयत लिहून टाकलं.

हे काम दरवर्षी आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडतं. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण नाही ते लिहायचं. त्या घरी वडिलांनी दार उघडलं आणि मुलगा परगावी तापाने वारल्याचं सांगितलं. तो चौथीत माझ्याच वर्गात होता. डावखुरा म्हणूनच हाक मारायचो आम्ही. वडिलांनी डोळे पुसले, माझेही भरून आले. मृत्यूचा दाखला मागायला हवा होता. पण अशा वेळी कागद मागणं जिवावर येतं, आणि खरं सांगायचं तर अजून अकरा घरं बाकी होती. माझ्या चौकशीत समजलं, असं लिहून मी मोकळी झाले.

यंदा दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी मी वर्गात टेबल मांडून बसले होते. एक तरुणी आली. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते म्हणाली. ओळखपत्र जुनं, त्यावर मुलाचा फोटो. सोबत सरकारी प्रमाणपत्र, त्यावर नवं नाव आणि पुढे स्त्री अशी नोंद. तेवढं यादीत बदलून हवं होतं. अर्ज भरायला तिने पेन डाव्या हातात धरलं आणि मी ओळखपत्रावरचा फोटो पुन्हा पाहिला. चौथीतला डावखुरा.

यादी उघडली. मी हाताने झाकायला गेले, पण तिने त्याआधीच वाचलं होतं. मयत. खाली माझी सही.

"तुम्ही लिहिलंत, बाई?"

हो म्हटलं. कुणी सांगितलं ते मी बोलले नाही आणि तिने विचारलंही नाही.

मग मला राग आला, तोही तिच्यावरच. घरी वर्षानुवर्षं फिरकायचं नाही, मग असंच होणार, असं काहीबाही बोलले. चोर तो चोर, वर शिरजोर. नंतर आवाज खाली आणून तिला सोपी वाट दाखवली. नवीन मतदाराचा अर्ज भर, नवं नाव, नवा माणूस. जुन्या नावाकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं, ते मात्र तिला सांगितलं नाही.

तिने तो अर्ज शांतपणे वाचला.

"यात लिहायचंय की याआधी माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी दोनदा मत दिलंय, बाई. चौथीत तुमच्या वर्गात मीच होते. तिला मेलेली ठेवून मी सही नाही करणार."

नाइलाजाने मी मयत शेरा काढण्यासाठीचा जबाब लिहायला घेतला. वडिलांनी खोटी माहिती दिली, हे पहिलंच वाक्य. तिने कागदावर हात ठेवला. खोटी माहिती देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, असं बाहेरच्या फलकावर लिहिलेलं होतं. बाबांचं नाव घालू नका म्हणाली. माझं डोकंच फिरलं. बापाने जितेपणी मारून टाकलं, आणि तू त्याच्यावर पांघरूण घालतेस, असं मी तिला सुनावलं.

"त्यांनी नुसतं सांगितलं," ती म्हणाली. "लिहिलं तुम्ही."

तोंडात मारल्यासारखं झालं. कागद फाडला, दुसरा घेतला. दाखला न पाहता नोंद केली, चूक सर्वस्वी माझी. संबंधित व्यक्तीला आज समक्ष पाहिलं, ती जिवंत आहे. शेजारच्या वर्गात बसलेल्या निवडणुकीच्या साहेबांनी दोनदा वाचलं, नोटिशीची तयारी ठेवा म्हणाले आणि शिक्का मारला. मुख्याध्यापिकेची खुर्ची तिथेच संपली. वाईट वाटलं, का नाही वाटणार.

पोच घेऊन ती निघाली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाबा सांगताना रडले होते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. दोघींनाही त्यांचा निवांत राग करता आला असता.

"रडले होते," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

ती मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसली आणि तोंड झाकून घेतलं. पाच वाजून गेले होते. शिपाई कुलूप घेऊन आला, तर मी त्याला दुसऱ्या टोकाच्या वर्गापासून सुरुवात कर म्हणून सांगितलं.