भातात रोवलेल्या काड्या

सायलीचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर तिच्या बापाला, शिवराजला, कारखान्यात बढती मिळाली. त्याचे जपानी साहेब ज्या भारी हॉटेलात जेवायचे, तिथंच त्यानं घरच्यांना नेलं.

चपला बाहेर काढून सगळे चटईवर बसले. भिंती कागदाच्या, पण बाहेरचा आवाज आत येत नव्हता. शिवराजच्या आईला, मनकर्णाबाईला, ते आधी बरं वाटलं, मग वाटेना. तिचा नवरा बन्सी कांदा घेऊन वैजापूरला गेला होता, तिथून परस्पर इथं येणार होता. दुपारपासून त्याचा फोन लागत नव्हता.

"माय, घे ना."

"अण्णा येऊ दे तुझे."

"आई, मासे कच्चेच आहेत, निवायची भीती नाय," सून सोनिया हसून म्हणाली.

"मग मांजरालाच बोलवायचं होतं की!"

भात आला. मनकर्णाबाईनं एक वाटी शेजारच्या रिकाम्या जागेपुढं ठेवली आणि जेवायच्या दोन्ही काड्या भातात उभ्या रोवल्या. खळ्यावर धनी नसला की त्यांच्या घरी राशीत तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवत. रास धन्याची, तो येतोय, कोणी हात लावायचा नाही.

वाढणारी म्हातारी जपानी बाई दारातच थबकली. गुडघ्यांवर सरकत आली, काड्या उपसून आडव्या ठेवल्या आणि शिवराजच्या कानाशी काही बोलली.

"काय म्हणती ती?"

"काय नाय."

"शिवा, सांग."

"त्यांच्यात मयताच्या उशाशी असा भात ठेवतात."

"अण्णाला फोन लाव," मनकर्णाबाई म्हणाली. शिवराज पुन्हा फोन लावायला बाहेर गेला.

तेवढ्यात बन्सी आत आला. दार सरकलं नाही. टोपीवर कांद्याची टरफलं होती. आंधळ्यासारखा चाचपत तो खोलीभर फिरला, सोनियाच्या अगदी अंगावरून गेला. ती लेकराला थोपटत राहिली.

"आवं, इकडं," मनकर्णाबाई म्हणाली.

"अगं, काडी कोणी काढली? जागा घावंना मला. लई भूक लागली."

"कोणाशी बोलताय, आई?" सोनियानं विचारलं.

तेव्हा मनकर्णाबाईला कळून चुकलं. काड्या आडव्याच राहिल्या, तर निदान शिवराज परत येईपर्यंत तरी नवरा जिता होता. पण तो उपाशी भिंती चाचपत होता. तिनं काड्या उचलल्या आणि आपल्या हातानं भातात रोवल्या.

बन्सी लगेच येऊन बसला. वाटीवरची वाफ विरून गेली. वाढणाऱ्या बाईनं त्या जागेपुढं चहाचा पेला ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकवलं.

"सावकाश जेवा," मनकर्णाबाई म्हणाली.

शिवराज परत आला. फोन कानालाच होता.

बन्सी त्या दिवशी दुपारी वैजापूरच्या मार्केट यार्डात छातीत कळ येऊन वारला. महिना कार्तिक, साल दोन हजार तेवीस.